एकची नळी, दीडचा डबा

सोलापूरच्या काही पिढ्यांनी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावली. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली, आणि शहराचा दिवस भोंग्याने वाटला गेला. पाळी सुरू, जेवणाची सुट्टी, पाळी संपली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५५व्या कलमाने ती सुट्टी कामगाराच्या हक्काची केली: सलग पाच तासांहून जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. रुग्णालयाला असा भोंगा नाही. ओपीडी हलकी झाली की जेवायचं, आणि ओपीडी हलकी होतच नाही. निवासी डॉक्टर साडेतीनला चहाबरोबर पार्ले-जी खातो, सिस्टर ड्रेसिंग रूमच्या दारामागे उभ्यानेच चार घास घेतात, लॅबचे टेक्निशियन खिडकी अर्धी बंद करून डबा उघडतात. तीन माणसं, तीन वेळा, तीन कोपरे. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत निवासी डॉक्टरांना दिवसात वाजवी विश्रांती द्यावी असं म्हटलं आहे. ती किती वाजता आणि किती मिनिटं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

माझं म्हणणं असं आहे की शिकवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात दुपारचा अर्धा तास ड्युटी लिस्टमध्ये लिहून द्यावा. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, फार्मासिस्ट, रेकॉर्ड रूमचे क्लार्क, वॉर्डातले मामा आणि मावशी (वॉर्डबॉय आणि आया) यांना एकत्र जेवता येईल अशी एक जागा द्यावी. आणि हा अर्धा तास संशोधनाच्या कामात धरावा. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी ही मागणी योग्य आहेच, पण मी ती थीसिसच्या बाजूने करतो आहे. आपल्याकडचं संशोधन पैशाअभावी अडतं हे अर्धं खरं. त्याहून जास्त ते यामुळे बिघडतं, की एकाच रुग्णाबद्दल ज्या तिघांना तीन गोष्टी माहीत असतात ते एकमेकांशी बोलतच नाहीत.

एक उदाहरण नीट बघू. गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाई उपाशी असो वा जेवून आलेली, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात घालून देतात. ते पाच ते दहा मिनिटांत संपवायचं आणि बरोबर दोन तासांनी साखर बघायची. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह. ग्लुकोज प्याल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्ध्या तासानंतर झाली तर चाचणी तशीच पुढे न्यायची. वाचायला सोपं आहे. आता मोहोळहून एसटीने येणारी बाई धरा. ओपीडीचा केसपेपर काढून, वजन-बीपी होऊन तिच्या हातात ग्लुकोजचा ग्लास पडतो अकराला. दोन तास झाले की वाजतो एक. रक्त एकला निघतं, आणि एकलाच वॉर्डातले मामा जेवायला गेलेले असतात.

नळी ट्रेमध्ये पडून राहते. नळीतलं रक्त जिवंत असतं, त्यातल्या पेशी साखर खात बसतात. साध्या नळीत, सीरम (पेशींवरचं पाणी) वेगळं न करता ठेवलेल्या रक्तातली साखर खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, उष्णतेत हा वेग वाढतो. तासाला ६ टक्के धरले तरी खरी साखर १५० असलेली नळी दीड तासाने लॅबच्या यंत्रात १३७ च्या आसपास दाखवते. १४० च्या खाली. त्या बाईच्या कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं आणि ती परतीची एसटी धरते. करड्या बुचाची फ्लोराइडची नळी वापरली तर फरक पडतो, पण लगेच नाही. फ्लोराइड साखर मोडण्याच्या साखळीत बऱ्याच खालच्या टप्प्यावर अडवणूक करतं, म्हणून पहिला तास-दोन तास गळती चालूच राहते. नळी बर्फात ठेवणं आणि लवकरात लवकर प्लाझ्मा (रक्तातला पेशींवेगळा द्रव) वेगळा करणं, हा खात्रीचा उपाय. प्लाझ्मासाठी जुळवलेल्या ग्लुकोमीटरवर बोटातून जागेवरच चाचणी केली तर हा प्रश्न येत नाही. शिरेतलं रक्त लॅबकडे जातं तिथे मात्र रोज येतो.

आता या बाईबद्दल कुणाला काय माहीत आहे ते बघा. तिला वीस मिनिटांत उलटी झाली होती, हे सिस्टरना माहीत आहे. एक ते अडीचच्या नळ्या एकगठ्ठा अडीचला येतात, हे टेक्निशियनना वर्षानुवर्षं माहीत आहे. ‘आमच्या रुग्णालयातील गर्भावधी मधुमेहाचे प्रमाण’ असा थीसिस लिहिणाऱ्या रेसिडेंटला फक्त १३७ माहीत आहे. तिच्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या एकत्र तक्त्यात, हा आकडा बसतो, प्रमाण कमी निघतं, चर्चेच्या प्रकरणात ती लिहिते की आपल्या भागात हा आजार इतरांपेक्षा कमी आढळला, आणि कारण म्हणून ज्वारीची भाकरी पुढे करते. हे तिघं एका टेबलावर जेवत असते तर तिसऱ्या दिवशी बोलणं निघालं असतं.

“मॅडम, तुमच्या नळ्यांवर रक्त काढल्याची वेळ का नसते ओ?”

“असते की दादा, फॉर्मवर.”

“फॉर्मवर ओपीडीची वेळ असते. रक्ताची कुठंय?”

“आणि त्या उलटीवाल्या बाईचं काय केलं?” सिस्टर विचारतात. “तिला उद्या परत बोलवायला पाहिजे होतं.”

एवढं झालं की थीसिसचा प्रोफॉर्मा, म्हणजे दर रुग्णाची माहिती भरायचा कागद, बदलतो. त्यात तीन रकाने वाढतात: ग्लुकोज संपवल्याची वेळ, रक्त काढल्याची वेळ, नळी लॅबला पोचल्याची वेळ. चौथा रकाना उलटीचा. कुठल्याही परिसंवादात न सुचणारी ही दुरुस्ती आहे, कारण परिसंवादाला टेक्निशियनना कुणी बोलावत नाही.

दुसरी गोष्ट तंबाखूची. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे श्वसनाचे, तोंडाचे, गरोदरपणाचे अभ्यास इथे सतत होतात आणि प्रत्येक प्रोफॉर्म्यात प्रश्न असतो: तंबाखू खाता का? हो किंवा नाही. बाई ‘नाही’ म्हणते आणि खरं बोलते. ती मिश्री लावते. मिश्री तिच्या लेखी दात घासायची वस्तू आहे, खायची नव्हे. जाळलेल्या तंबाखूची ती पूड सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर बराच वेळ राहते आणि निकोटिन अंगात जातं, हे रेसिडेंटला पुस्तकातून ठाऊक असतं. पण ‘मिश्री लावता का’ असं वेगळं विचारायचं असतं, हे वॉर्डातल्या मावशीला ठाऊक असतं. विडी वळणाऱ्यांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका पुष्कळ. सोलापूरच्या ओपीडीत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू रोज कानावर पडते. संमतीपत्रक मराठीत छापून अंगठा घेतला तर सही मिळते, संमती मिळतेच असं नाही. भाषांतर करून घ्यावं, ते दुसऱ्या माणसाकडून उलट मराठीत करून ताडून बघावं, ही पद्धत एथिक्स कमिटी सांगतेच. त्याच्या आधी ते वाक्य मावशीला जेवताना वाचून दाखवावं. “असं कोण बोलतंय?” असं त्या म्हणाल्या की वाक्य बदलायचं.

नमुना किती घ्यायचा यावर तर प्रत्येक थीसिसचं घोडं अडतं. ‘सर म्हणाले शंभर घ्या’ हे उत्तर मी शास्त्रीय मानत नाही. प्रमाण काढायच्या अभ्यासाचं साधं सूत्र जेवणाच्या टेबलावर कागदाच्या तुकड्यावर मांडता येतं: ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आधीच्या अभ्यासांतून अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून उरलेली, एल म्हणजे आपण चालवून घेऊ ती चूक. यंत्रमागावर काम करणाऱ्यांत एखादा दोष १० टक्क्यांत असेल असा अंदाज आहे. चूक इकडे-तिकडे ५ टक्के चालेल म्हटलं तर ४ × १० × ९० भागिले २५, म्हणजे १४४ माणसं लागतात. पण १० टक्क्यांच्या गोष्टीत ५ टक्के चूक म्हणजे उत्तर ५ ते १५ च्या मध्ये कुठेही. ते कुणाच्या उपयोगाचं? चूक २ टक्क्यांवर आणली तर भागाकार ४ ने होतो आणि आकडा जातो ९०० वर. एकाच प्रश्नाला १४४ आणि ९०० ही दोन्ही उत्तरं सूत्रातूनच येतात. निवड सूत्र करत नाही, माणूस करतो. हे पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या कुणी सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, जाण्याआधी दहा मिनिटांत समजावलं तर वर्ष वाचतं. माहिती गोळा झाल्यावर त्यांच्याकडे जाणारा विद्यार्थी फार तर ‘काय चुकलं’ एवढं ऐकून परत येतो.

एक्सेलच्या तक्त्याचंही तसंच. हिमोग्लोबिनच्या रकान्यात एकीकडे ९.५, दुसरीकडे ‘९.५ ग्रॅम’, तिसरीकडे मोकळी जागा, चौथीकडे शून्य. ‘ग्रॅम’ लिहिलेला चौकोन यंत्राच्या लेखी शब्द असतो, तो सरासरीत धरलाच जात नाही. शून्य मात्र धरलं जातं आणि सरासरी खाली ओढतं. तपासणी झाली नाही यासाठी एकच ठरलेली खूण ठेवायची आणि एकक फक्त मथळ्यात लिहायचं, एवढी दोन वाक्यं वेळेवर सांगणारा माणूस लागतो. तो बहुधा रेकॉर्ड रूममध्ये बसलेला असतो.

या मागणीला विरोध होईल तो मला ठाऊक आहे, आणि त्यातला काही रास्त आहे. पहिला आवाज रांगेतल्या माणसाचा. अक्कलकोटहून, विजयपूरहून पहाटे निघालेला रुग्ण बाकावर बसलेला आणि डॉक्टर जेवताहेत. हा राग खरा आहे. पण आज डॉक्टर जेवत नाहीत असं थोडंच आहे? ते न सांगता, एकेक करून, केव्हाही जातात, आणि रांगेला कुणी काही सांगत नाही. त्यापेक्षा दोन पंगती ठरवाव्यात, सव्वाएक ते पावणेदोन आणि पावणेदोन ते सव्वादोन. प्रत्येक युनिटचे अर्धे पहिल्या पंगतीला, अर्धे दुसऱ्या. ड्युटीचा मोबाइल हातात देऊन जायचं, कोणता रुग्ण अर्धवट राहिलाय ते तोंडी सांगून. कॅज्युअल्टी, लेबर रूम आणि आयसीयू यांतून पंगतीला कमी माणसं येतील, तिथे तिसरी छोटी पंगत ठेवावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमुने नेणाऱ्या दोन मामांची सुट्टी एका वेळी येऊ द्यायची नाही, लॅबची खिडकी एक क्षणही बंद ठेवायची नाही. वरच्या १३७ चा निम्मा इलाज इथेच होतो.

दुसरा विरोध आतल्या लोकांचा: जेवताना तरी कामाचं नको. हे मला मनापासून मान्य आहे. टेबलावर हजेरी घेऊ नये, पीपीटी लावू नये, ‘आजचा विषय’ ठेवू नये. पंधरा मिनिटं शेंगाचटणीवरच जाऊ द्या. कुणाकडे ती अजून उखळात कुटतात, भाजलेल्या शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत, लसूण-तिखट-जिरं घालून. कुणाची मिक्सरमधली भुगा होऊन कोरडी पडलेली. यावर सोलापुरात दोन तट पडतात आणि दोन्ही तट बोलायला लागतात. काल ज्यांच्या डब्यातली चटणी घेतली त्या टेक्निशियनना आज फोन करून “दादा, तेवढा पोटॅशियम परत लावता का, हिमोलाइज झालं असेल, पेशी फुटल्या असतील” असं म्हणायला जीभ अडत नाही. न जेवलेल्या माणसांत हाच फोन तक्रार होतो. संशोधनाला लागणारा विश्वास या चटणीतून येतो. म्हणून मी गप्पांना वेळेचा अपव्यय मानत नाही.

तिसरी अडचण मोठ्यांची. विभागप्रमुख टेबलावर बसले की बाकीचे मान खाली घालून जेवतात. याला नियम पुरत नाही, पण दोन सवयी लावता येतात. प्रमुखांनी ठरलेले दोनच दिवस यावं, आणि आले की प्रश्न विचारावा, उत्तर देऊ नये. केंब्रिजच्या मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मॅक्स पेरुट्झ यांनी १९६२ मध्ये नव्या इमारतीत कॅन्टीन ठेवलं आणि त्यांच्या पत्नी गिझेला यांनी ते वीस वर्षांहून जास्त चालवलं. नोबेल मिळालेले आणि कालच आलेले तिथे एकाच टेबलाशी चहा पीत. पेरुट्झ यांनी कॅन्टीनला प्रयोगशाळेच्या रचनेचा भाग मानलं होतं. तिथला पैसा आपल्याकडे नाही. पण टेबल आहे.

मोठी उपकरणं लागतात असंही म्हणू नये. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावसकर विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून राहिले, घाम, नाडी, रक्तदाब, हातपाय कधी गार पडतात ते टिपत गेले. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे प्राझोसिनच्या वापराने मृत्यू कमी झाले. सोलापूरच्या टेबलावर येणारे प्रश्न याच जातीचे आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेल्या माणसाला ओपीडीत आपण मोठ्याने बोलतो, त्याच्या कानाची तपासणी कितींची होते? आषाढीच्या आधी वारकऱ्यांच्या पायाला फोड येतात, त्यातले मधुमेही किती? ऊसतोडीच्या हंगामात सापाचे रुग्ण कोणत्या वेळी येतात आणि आधी कुठे जाऊन येतात? यातल्या एकेका प्रश्नावर एमबीबीएसचा विद्यार्थी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दोन महिन्यांच्या अल्पकालीन योजनेत अभ्यास करू शकतो.

जेवायच्या जागेचे नियम मात्र कडक हवेत. अ‍ॅप्रन बाहेर खुंटीला. साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चालणार नाही, काही जंतूंच्या बीजाणूंवर ते काम करत नाही. डबा लसीच्या किंवा रिएजंटच्या (तपासणीच्या रसायनांच्या) फ्रिजमध्ये कधीही नाही. तिथे २ ते ८ अंश राखायचे असतात, दर डब्यामागे दार उघडलं की तापमान चढतं, आणि रक्ताच्या नळ्यांशेजारी भाजी ठेवणं हा वेगळाच धोका. सकाळी सातला भरलेला भात दोनला खाऊ नये, उन्हाळ्यात तर नाहीच. शिजल्यानंतर दोन तासांहून जास्त तो बाहेर राहू नये. इथे सोलापूरचा डबा कामाचा आहे. कडक भाकरीत पाणी फारसं उरलेलं नसतं आणि शेंगाचटणी बिनपाण्याची, दोन्हींत जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. दही घरून आणण्यापेक्षा जेवताना कॅन्टीनमधून घ्यावं. आणि औषध कंपनीचं जेवण या टेबलावर येऊ नये. डॉक्टरांनी भेटी आणि पाहुणचार घेण्यावर २००९ पासून बंदी आहे. टेबलावर बिर्याणी दुसऱ्याच्या पैशाची असली की प्रश्नही त्याच्याच सोयीचे निघतात.

रुग्णाचं नाव टेबलावर घ्यायचं नाही, खाट क्रमांकही नाही. शेजारच्या बाकावर त्याचाच नातेवाईक बसलेला असू शकतो. ‘पस्तिशीची बाई, तिसरं बाळंतपण’ एवढं पुरतं.

टेबलाजवळ एक दोनशे पानी वही दोरीने बांधून ठेवावी. तारीख, प्रश्न, कुणी विचारला, उत्तर कुणाला ठाऊक असेल. महिन्यातून एकदा पीएसएमच्या कुणीतरी ती चाळावी. त्यातले बहुतेक प्रश्न एका फोनवर सुटतील, काही पुस्तकात सापडतील, एखादा उरेल तो अभ्यासाचा. त्याच्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी पहिला नमुना घेण्याच्या आधी काढायची, मागाहून मिळत नसते. उपचारात बदल करून बघायचा असेल तर सीटीआरआय या देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदणीही पहिला रुग्ण घेण्याच्या आधी. आणि पेपर छापताना वहीतलं नाव विसरायचं नाही. ज्यांनी अभ्यास घडवला, लिहिला किंवा तपासला, अंतिम मजकूर मान्य केला आणि त्याची जबाबदारी घेतली ते लेखक. नळ्यांच्या वेळेचा प्रश्न काढणाऱ्या टेक्निशियनला ती संधी द्यावी, आणि ते नको म्हणाले तर आभारात नाव छापावं. विभागप्रमुखांचं नाव केवळ खुर्चीमुळे घालण्याची प्रथा मात्र बंद व्हायला हवी.

वहीच्या पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न मी इथेच लिहून देतो. दुपारी एक ते अडीच या वेळात लॅबला पोचणाऱ्या साखरेच्या किती नळ्यांवर रक्त काढल्याची वेळ लिहिलेली असते? सात दिवस मोजायचं. ट्रेजवळ एक पेन दोऱ्याने बांधायचं, भिंतीवर चालू घड्याळ लावायचं, आणि मोजायचं काम खिडकीवरच्या टेक्निशियनकडेच द्यायचं. आठव्या दिवशी पहिल्या पंगतीला, दीडच्या सुमारास, त्यांनीच आकडा सांगावा.